मनकर्णाचा जंत

माझ्या डबीवर ‘कॅमेरा’ असा शब्द कोरलेला आहे खरा, पण मित्रांनो, मी जन्मात एकही फोटो काढलेला नाही. माझ्यात फिल्म नाही, खटका नाही आणि माझ्यासमोर कुणी केस विंचरून हसत उभेही राहत नाही. मी एक जुना पितळी कॅमेरा ल्युसिडा आहे. नाव ऐकून घाबरू नका. नागपूरच्या ज्या कॉलेजात मी आयुष्य काढले, तिथला शिपाई नत्थूजी मला सरळ ‘लुशीदादा’ म्हणायचा. तुम्हीही तसेच म्हणा.

माझे अंग लहानसे आहे. एक काचेचा लोलक, त्याला जोडलेली वीतभर दांडी आणि दांडीच्या टोकाला चौकोनी आरसा. मायक्रोस्कोपच्या डोळ्यावर मला बसवायचे, आरसा बाजूच्या कागदाकडे वळवायचा आणि माझ्यातून पाहायचे. मग एक गंमत होते. काचपट्टीवर ठेवलेला बारीक जीव दिसतो आणि त्याच वेळी, त्याच जागी, कागदावरचा आपला हात आणि हातातली पेन्सिलही दिसते. वाटते, तो जीव कागदावरच येऊन पडला आहे. त्याच्या कडेकडेने पेन्सिल फिरवली की चित्र तयार होते. चित्रकला येत नसली तरी चालते, धीर मात्र लागतो.

माझी एक अट आहे. दोन्हीकडे सारखा उजेड हवा. कागदावर जास्त पडला तर जीव दिसेनासा होतो, आणि जिवावर जास्त पडला तर आपलाच हात दिसेनासा होतो. भली भली माणसे ही अट विसरताना मी पाहिली आहेत.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका अरुंद कारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने माझा लोलक फार मायेने घासला. घासून झाल्यावर त्याने माझ्यातून आधी स्वतःच्या तळहातावरच्या रेषा पाहिल्या आणि मग मला निळ्या मखमलीच्या डबीत झोपवले. रेल्वेच्या पार्सलातून मी नागपूरला आलो. वाटले, आता भरपूर काम मिळेल. पण प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख भुसारी सर म्हणजे वस्तू जपण्यात पहिला नंबर. महागाची वस्तू वापरली की खराब होते, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे मी आलो तो थेट कपाटात गेलो. तपासणीला पाहुणे आले की माझी डबी उघडायची, ‘वा वा’ ऐकायचे आणि पुन्हा बंद करायची. नुसते कौतुक व्हावे आणि हाताला काम नसावे, याहून मोठे दुःख नसते असे मला तेव्हा वाटे. मला अजून दुःखाची ओळख व्हायची होती.

मला कपाटातून सोडवले ते पुष्पलताबाईंनी. साल सदुसष्ट-अडुसष्ट असेल. त्या नव्यानेच विभागात शिकवायला आल्या होत्या. इंदोरा वस्तीतून सायकलने यायच्या. त्यांचे वडील रुपराव कापड गिरणीत साचे म्हणजे माग चालवायचे. छप्पन साली त्या कुटुंबाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बाई शाळकरी होत्या, आणि त्यानंतर रुपरावांनी मुलीच्या शिक्षणाआड काहीही येऊ दिले नाही. विभागात बाईंना तोंडावर कुणी वेडेवाकडे बोलत नसे. चहाचा कप मात्र नेमका कान तुटलेलाच त्यांच्या वाट्याला यायचा. एक दिवस त्यांनी घरून स्वतःचा कप आणला, खिडकीत ठेवला आणि तो विषय संपवला. अशा त्या होत्या. कमी बोलायच्या आणि ठरवले की करायच्या.

बाईंचा अभ्यासाचा विषय होता माशांच्या पोटातले जंत. नाक मुरडू नका मित्रांनो. ज्याने जंत नीट पाहिलेला नाही त्याला काय ठाऊक, देवाणघेवाणीचे केवढे मोठे जग एका मासोळीच्या आतड्यात चालू असते! बाई भुसारी सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, “सर, चित्रांशिवाय लेख छापत नाहीत आणि कॅमेरा ल्युसिडाशिवाय चित्रं काढता येत नाहीत.” सरांनी किल्ली दिली, पण ‘जपून हं’ असे तीनदा म्हणाले. मी त्या दिवशी पहिल्यांदा उजेडात श्वास घेतला.

आमच्या प्रयोगशाळेच्या मागे एक व्हरांडा होता आणि माझे टेबल त्याच्या खिडकीशी होते. दर गुरुवारी सकाळी त्या व्हरांड्यात डोक्यावरची टोपली उतरायची आणि आवाज यायचा, “बाई, हाय का वं?” ही मनकर्णा. फुटाळ्याच्या तळ्यात जाळे टाकणाऱ्या घरातली. एरवी तिचा धंदा जरीपटक्याच्या बाजारात असे, पण गुरुवारची पहिली मरळ ती बाईंसाठी जिवंत आणायची. वय बाईंच्या आईएवढे, दोन्ही हातांवर हिरवे गोंदण आणि आवाज असा की वर्गातली पोरे वह्या सोडून खिडकीकडे पाहायची.

आणि मग दोघींचे भांडण सुरू व्हायचे.

“केवढ्याले देतं वं मावशी?” बाई विचारायच्या. मनकर्णाशी बोलताना त्यांची भाषा घरची व्हायची.

मनकर्णा भाव सांगायची.

“येवढी महाग? मरळ हाय का मगर हाय? पाह्य तिचं शेपूट, वाळून गेलं.”

“वाळलं कुठं? तडफडून राहिली ते दिसत नाही का तुले? तुह्यासारखीच हाय, अंगानं येवढीशी अन् तोंडानं जास्त.”

असे बराच वेळ चालायचे. शेवटी कुणी तरी एक जण हरायचे, बहुतेक दोघी थोड्या थोड्या हरायच्या, आणि जाता जाता मनकर्णा टोपलीतली एक लहान मासोळी वरून टाकायची. “हे घरी रस्सा करून खाय. जंतच पाहत बसशीन तं वाळून जाशीन.” मला त्या भांडणाची इतकी सवय झाली होती की गुरुवार उजाडला की मीच आधी खिडकीकडे कान लावायचो. कान नसले म्हणून काय झाले?

एका हिवाळ्यात मनकर्णाच्या मरळीत बाईंना तो जंत सापडला. तांदळाच्या दाण्याहून लहान आणि पानासारखा चपटा. त्याला लाल रंगात बुडवले, काचपट्टीवर डिंकासारख्या बाल्समच्या थेंबात कायमचा निजवला आणि माझ्याखाली ठेवला. बाईंनी माझ्यातून पाहिले आणि काचपट्टी सरकवून पुन्हा पाहिले. जंतांना चिकटून राहायला पोटावर एक वाटी असते. याची वाटी भलत्याच ठिकाणी, पार शेपटीजवळ होती. बाईंनी पुस्तके चाळली, दुसऱ्या शहरांतल्या ग्रंथालयांकडून जुने लेख मागवले. असा जंत कुठेच नव्हता. कुणीही न पाहिलेला जीव नागपूरच्या एका मासोळीत निघाला होता, आणि त्याला सर्वांत आधी पाहिले होते बाईंनी आणि मी.

मग चित्रे सुरू झाली. मित्रांनो, शास्त्रीय लेखाचे हस्तलिखित तयार करणे म्हणजे लग्नघरची तयारी असते. आधी माझ्यातून पेन्सिलीने रेघ. मग जाड गुळगुळीत पुठ्ठ्यावर काळ्या शाईने तीच रेघ, तीही हात न थरथरता. सावली दाखवायची तर रंग फासायचा नाही, एकेक ठिपका द्यायचा. जिथे अंग जाड तिथे ठिपके दाट. बाई श्वास रोखून ठिपके द्यायच्या आणि मधूनच बोटे चोळायच्या. शाईचा एक डाग पडला आणि जवळजवळ पूर्ण झालेले चित्र गेले, तेव्हा त्या रडल्या नाहीत. खिडकीतल्या कपातून पाणी प्यायल्या आणि नवा पुठ्ठा घेतला. असे माझे ते दिवस सोन्याचे होते. माझ्यातून पाहणारा डोळा मला समजत होता आणि माझे काम जगात जाणार होते.

राहिले नाव. नव्या जिवाला दोन शब्दांचे लॅटिन नाव देतात. पहिला शब्द कुळाचा, तो ठरलेला. दुसरा शब्द शोधणाऱ्याने द्यायचा. लोक तिथे आपल्या गुरूचे, एखाद्या मोठ्या माणसाचे नाव घालतात. बाईंनी आठवडाभर विचार केला आणि एका गुरुवारी मरळ पाण्यात सोडता सोडता म्हणाल्या, “मावशी, तुह्या मासोळीत नवा जीव सापडला. आजवर कोणीच पाह्यला नाही. त्याले तुह्यं नाव देऊ का?”

“कोन्ता जीव वं?”

“जंत.”

मनकर्णाने उचललेली टोपली परत खाली ठेवली. “माह्यं नाव? जंताले? काहून वं? मी काय तुह्या घरची चोरी केली?”

बाई हसून हसून खाली बसल्या. मग त्यांनी समजावले. या शास्त्रात याहून मोठा मान नाही. एकदा छापले की ते नाव कुणालाच पुसता येत नाही. आणखी शंभर वर्षांनी, कुठल्याही देशात, कुणी या जंताबद्दल बोलले तर त्याला मनकर्णाचे नाव घ्यावेच लागेल.

मनकर्णा टोपलीशेजारी खाली बसली. 

“कोणीच नाही पुसू शकत?”

“कोणीच नाही.”

“माह्यं नाव कुठंच नाही वं बाई,” ती हळू म्हणाली. “घर सासऱ्याच्या नावानं, जाळं नवऱ्याच्या नावानं. बाजारात मले मासोळीवालीच म्हणतेत. माय मेली तवापासून मनकर्णा म्हणून हाक मारणारं बी कोणी राह्यलं नाही.” मग पदराने तोंड पुसत म्हणाली, “दे. जंताले तं जंताले. दे माह्यं नाव.”

ती गेल्यावर बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. मग त्यांनी चित्राच्या खाली, पुठ्ठ्याच्या कडेला, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले, ‘मनकर्णा’.

त्यानंतर दर गुरुवारी टोपली उतरायच्या आधीच प्रश्न यायचा, “आलं का वं बाई माह्यं नाव छापून?” जरीपटक्याच्या बाजारात तिने सगळ्यांना सांगून टाकले होते. शेजारच्या बायका तिला ‘जंतवाली’ म्हणून चिडवायच्या आणि ती मानेला झटका देऊन म्हणायची, “हो हाय! तुह्या नावाचा हाय का एखादा?” हे तीच आम्हाला येऊन सांगायची.

इथेच बाईंचे चुकले. शास्त्रज्ञ लोक नाव छापून येईपर्यंत कुणाला सांगत नाहीत, तशी रीतच आहे. बाईंना रीत ठाऊक होती. पण आनंद झाला की तो ज्याचा त्याला सांगावा, ही त्यांच्या घरची रीत होती.

लेख टाइप करायला सीताबर्डीवर गेला. कार्बनच्या प्रती आल्या. लॅटिन नावांखाली पट्टीने रेघा मारल्या. चित्रांवर पातळ कागद चिकटवला, वर-खाली पुठ्ठे लावले आणि सगळे खाकी कागदात बांधले. आता फक्त भुसारी सरांची सही हवी होती. विभागातून बाहेर जाणारा कुठलाही लेख सरांच्या सहीशिवाय जात नसे.

सरांनी लेख वाचला. त्यांना आवडला. ते वाईट माणूस नव्हते हो, हे मी आजही सांगेन. प्रयोगशाळेचे छत गळत होते आणि नवा मायक्रोस्कोप घ्यायला संस्था नाही म्हणत होती. तीच काळजी त्यांना खात असे. ते बाईंना म्हणाले, “हे नाव कुणाचं?”

“मासे आणणाऱ्या मनकर्णाबाईंचं, सर.”

“अहो, इतकी चांगली संधी! आपल्या संस्थेचे अध्यक्ष चंपतराव आहेत. त्यांचं नाव देऊ. खूश होतील, छत होऊन जाईल.”

“सर, मी तिला सांगून बसले आहे.”

“नाव म्हणजे काय लग्नाची सुपारी आहे, फुटली की फुटली? मी योग्य वेळ पाहून अध्यक्षांच्या कानावर घालतो. तोवर पाकीट माझ्याकडे राहू द्या.”

बाईंनी ‘नाही’ म्हटले. स्पष्ट म्हटले, मी ऐकले आहे. पण पाकीट सरांच्या हातात होते आणि ते कपाटात गेले. महागाच्या वस्तू सर कपाटात ठेवायचे, हे मला तर चांगलेच माहीत होते.

योग्य वेळ यायला स्नेहसंमेलन उजाडावे लागले. सर नवा कोट घालून अध्यक्षांकडे गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा होता. नत्थूजी पानसुपारीचे तबक घेऊन तिथेच उभा होता, त्याने येऊन बाईंना सगळे सांगितले. “चंपतराव असे भडकले का बाई, विचारू नोका! म्हणे, जंताले माह्यं नाव? इलेक्शनले उभा राहीन तं लोक काय म्हणतीन, जंतराव आला? म्हणे, तुमच्या डिपार्टमेंटात हेच चालते का?”

बाईंना आधी हसू आले. मग त्या सरांकडे गेल्या. आता तर अडचण उरली नव्हती. पण सर घाबरले होते. अध्यक्षांचा राग थंड होईपर्यंत विभागातून जंताचा एकही लेख बाहेर जाऊ नये, असे त्यांनी ठरवून टाकले. “थांबा, जरा दमानं घ्या,” एवढेच ते म्हणत. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. बाई विचारत राहिल्या आणि सर ‘थांबा’ म्हणत राहिले. बाईंनी एकदा रागाने पाकिटाला हात घातला, पण सही नसलेला लेख पाठवला असता तर नोकरीच गेली असती, आणि घरी रुपराव खोकल्याने अंथरुणाला खिळले होते. त्यांनी हात मागे घेतला. दर गुरुवारी खिडकीतून आवाज यायचाच, “आलं का वं बाई?” आणि बाई म्हणायच्या, “येईन मावशी. टपालाले वेळ लागते.”

दिवाळीनंतर सरांनी एकदाची सही केली. “ठेवा तुमच्या मासोळीवालीचं नाव,” म्हणाले, आणि थोडे शरमले. बाई पाकीट घेऊन पोस्टात निघाल्या. जाता जाता ग्रंथालयात डोकावल्या, कारण नव्या मासिकांचा गठ्ठा आला होता.

त्या पोस्टात गेल्याच नाहीत. मासिकाचा एक अंक छातीशी धरून परत आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि काचपट्टी माझ्याखाली ठेवली. उघडे मासिक कागदाच्या जागी ठेवले. मी माझे काम केले. जंतावर जंत बसला. तीच वाटी, तीच शेपटीजवळची जागा. दूरच्या एका शहरातल्या संशोधकांनी तो दुसऱ्या मासोळीत पाहिला होता आणि त्याला आपल्या गुरूचे नाव दिले होते. त्यांनी काही चोरले नव्हते. त्यांचे पाकीट वेळेवर निघाले, एवढेच. या शास्त्राचा कायदा सरळ आहे, ज्याचे आधी छापले त्याचे नाव खरे. बाकी नावे कधी नव्हतीच.

बाई माझ्यातून पाहत राहिल्या. डोळे भरून आले की माझ्यातून काही दिसत नाही, तरी पाहत राहिल्या.

पुढच्या गुरुवारी त्यांनी मनकर्णाला व्हरांड्यातून आत बोलावले. मला वाटले, आता सांगतील. त्यांनाही तसेच वाटले असावे, कारण त्यांचे ओठ दोनदा हलले. पण आधी त्यांनी तिला स्टुलावर बसवले आणि म्हणाल्या, “मावशी, येथून पाह्य.” मनकर्णाने एक डोळा हाताने झाकला, दुसरा माझ्यावर टेकवला. तिचा दुसरा हात कागदावर होता. तिला तिचे हिरवे गोंदण दिसले आणि त्याच्या मधोमध बसलेला लालचुटूक जंत.

“आवं माय!” ती ओरडली. “हा तं माह्या हातावरच येऊन बसला वं! हाच का माह्या नावाचा?”

ती इतकी हसत होती की तिच्या डोळ्यांतून पाणी आले. बाईंनी तिच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “हो मावशी. हाच.”

मित्रांनो, त्या दिवसापासून त्या व्हरांड्यात एक बदल झाला. मनकर्णाने नाव छापल्याचे विचारणे बंद केले. मला वाटले, जंत डोळ्यांनी पाहिला, तिचे समाधान झाले. आणि बाईंनी भाव करणे बंद केले. मनकर्णा सांगेल तेवढे पैसे त्या मुकाट्याने हातावर ठेवायच्या आणि खाली पाहायच्या. मनकर्णा क्षणभर उभी राहायची, मग टोपलीतून एकाऐवजी दोन मासोळ्या वरून टाकायची. पुढे तीन टाकू लागली. जेवढे बाई देत त्याहून ती जास्त परत करायची. व्हरांड्यात आता आवाज होत नसे.

बाईंनी दुसरा नवा जंत शोधायची शर्थ केली. वर्षानुवर्षे त्या मरळी चिरत राहिल्या, माझ्यातून पाहत राहिल्या. एक मिळाला असता तर मनकर्णाचे नाव देता आले असते. पण नवा जीव मागून मिळत नाही. निघायचे ते सगळे आधीच कुणी तरी नाव दिलेले. त्या सुंदर चित्रांचेही काही झाले नाही. ‘हा जंत नागपुरातही आढळतो’ अशी दोन ओळींची नोंद तेवढी छापून आली, दुसऱ्याच्या नावाखाली.

पुढे भुसारी सर निवृत्त झाले. छत झाले, नवा मायक्रोस्कोप आला, त्याला खरोखरचा फोटोचा कॅमेरा होता. माझी डबी झाकण न लावताच कपाटात गेली. कपाटाला काच होती, त्यामुळे मला दिसायचे सगळे, पण मला पाहायला कुणी येत नसे. पावसाळ्यातल्या ओलीने माझ्या लोलकावर बुरशीचे पांढरे जाळे चढत गेले. मी कधी तक्रार केली नाही. बाईंनाही माझ्याकडे पाहवत नसावे.

ऐंशी साल उलटून गेल्यावरची गोष्ट. एका गुरुवारी व्हरांड्यात टोपली उतरली, पण आवाज वेगळा होता. “बाई आहेत का जी?” मनकर्णाची मुलगी सुभद्रा आली होती. बाई दारात आल्या. त्यांचे केस आता कानांशी पांढरे झाले होते.

“माय गेली, बाई. होळीच्या आधी. तुमचा गुरुवार चुकवू नोको म्हणे, म्हणून आली.”

बाई दाराला धरून उभ्या राहिल्या. सुभद्रा टोपली भिंतीशी सरकवत म्हणाली, “तो जंत हाय का अजून? माय सांगे, माह्या हातावर बसला होता. मले बी पाह्याचा हाय.”

बाईंनी कपाट उघडले. कितीतरी वर्षांनी माझ्या डबीला हात लागला. त्यांनी पदराच्या टोकाने माझी काच पुसली, मायक्रोस्कोपवर बसवले, ती जुनी काचपट्टी खाली ठेवली. सुभद्राने डोळा लावला. मी जीव एकवटून प्रयत्न केला, पण बुरशी माझ्या अंगात उतरली होती. सुभद्राला आपला हात धूसर दिसला. जंत दिसला नाही.

“काहीच दिसत नाही, बाई. नुसता हातच दिसून राहिला.”

बाई स्टुलावर बसल्या. इतकी वर्षे अडकलेले त्यांच्या तोंडून तेव्हा बाहेर आले. “सुभद्रा, तुह्या मायचं नाव नाही छापलं. कधीच नाही छापलं. मी तिले खोटं सांगतलं.”

सुभद्राने माझ्यावरून डोळा काढला. “ठाऊक हाय.”

“तुले?”

“मायले ठाऊक होतं. पह्यल्यापासून.”

“मग विचारलं काहून नाही तिनं?”

“माय म्हणे, बाईनं भाव करणं सोडलं. ज्या दिवशी जंत दाखवला त्याच दिवसापासून. म्हणे, बाईचं काही तरी मोडलं हाय, आपण विचारलं तं तिले रडू येईन.”  व्हरांड्यातल्या टोपलीत मरळीने शेपूट आपटले. “नावाचं मायले येवढं नव्हतं, बाई. दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटे तिले. म्हणे, बाई भांडे तवा मी धंदेवाली होती. तिच्या बराबरीची. आता माह्या हातावर पैसे ठेवते अन् खाली पाह्यते. मले भीक घेतल्यावानी वाटते. म्हणून तं माय वरून मासोळ्या टाके.”

 मी तिथेच मायक्रोस्कोपवर होतो. दोन बायका, एक मुलगी आणि इतक्या वर्षांचे ते गुरुवार मला पहिल्यांदा नीट दिसले. बाईंना आपली चूक तेवढी दिसत राहिली आणि समोरचे माणूस दिसेनासे झाले. मनकर्णाला बाईंचे दुःख तेवढे दिसले आणि स्वतःचे तिने अंधारात ठेवले. दोघींनी एकमेकींना जपले, आणि जपता जपता एकमेकींना गमावले.

 मग बाईंनी डोळे पुसले, उठून व्हरांड्यात गेल्या आणि टोपलीपुढे उकिडव्या बसल्या. 

“केवढ्याले... केवढ्याले देतं वं मरळ?”

सुभद्राने भाव सांगितला.

“येवढी महाग?” बाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होते. “मरळ हाय का मगर हाय? पाह्य तिचं शेपूट... वाळून गेलं.”

सुभद्राने त्यांच्याकडे पाहिले. बोलली ती अगदी मनकर्णाच्या आवाजात, “वाळलं कुठं? तडफडून राहिली ते दिसत नाही का तुमाले?”

व्हरांडा झाडणाऱ्या नत्थूजीने हातातला झाडू खाली ठेवला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मित्रांनो, मी आता पुन्हा कपाटात आहे. माझ्या डबीखाली तो पुठ्ठा आहे, ठिपक्याठिपक्यांनी काढलेला, कडेला पेन्सिलीने एक नाव लिहिलेला. छापलेले नाव पुसता येत नाही म्हणतात, पेन्सिलीचे मात्र पुसट होत चालले आहे. तुमच्या शाळेत, कॉलेजात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला कपाटात जपून मारू नका. तिला काढा, पुसा, कामाला लावा. ओल लागू देऊ नका. आणि कुणाला दिलेला शब्द मोडला गेलाच, तर त्याच्याकडे वर पाहून सांगा. पैसे हातावर ठेवून खाली पाहू नका. माझी अट तेवढी पाळा, दोन्हीकडे सारखा उजेड ठेवा. मनकर्णा अजून असती तर तिने मला हेच सांगायला लावले असते, आणि वर एक मासोळी टाकली असती.